एका ओंडक्याचं स्टूल

(मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला "तुमच्या छंदाविषयी वीस मिनिटं बोला" असं सांगितलं. मी सरकारी खात्यात नोकरी करतो, शिक्षण यांत्रिकीच्या डिप्लोमापर्यंतचं, आणि भाषण करायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. म्हणून सोबत हे स्टूल आणलं आहे. मी अडखळलो तर निदान बघायला काहीतरी असेल. मघाशी दोन तरुण कार्यकर्त्यांनी ते पायऱ्यांवरून वर आणलं तेव्हा त्यातला एक जण म्हणाला, "काका, आत शिसं भरलंय का?" शिसं नाही. साडेएकोणीस किलोचा सलग कडुनिंब आहे, मध्ये फक्त एक सागवानी बूच.

एवढं जड स्टूल कशाला, हे आधी सांगतो. अडीच-तीन वर्षांपूर्वी माझी आई देवघरात पडली. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, म्हणून आम्ही बाजारातलं प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं होतं. किलो-सव्वा किलोची वस्तू. आई पूजा आटोपून उठायला गेली, एका हाताने स्टुलाच्या कडेवर भार दिला, आणि कोटा फरशीवरून ते सरकलं. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हात बरा झाला, पण त्यानंतर ती देवघरात बसायलाच घाबरू लागली. उभ्या-उभ्या दिवा लावायची आणि बाहेर यायची. ज्या बाईने पन्नास वर्षं सकाळचा तासभर देवासमोर वाती वळत काढला, तिचं असं दोन मिनिटांत बाहेर येणं मला बघवेना.

त्याच पावसाळ्यात दांडिया बाजारच्या बाजूच्या आमच्या जुन्या घरामागचा कडुनिंब वादळात पडला. आजोबांनी लावलेला, माझ्यापेक्षा वयाने मोठा. फांद्या लाकडं नेणाऱ्याने नेल्या. बुंध्याचे तीन ओंडके मी ठेवून घेतले, प्रत्येक वीस इंच लांब, सोळा इंच व्यासाचा, ओला असताना साठ किलोच्या वर. तीन म्हटलं तर पुष्कळ वाटतात. दोन मी कसे घालवले, तेही आता ऐका.

पहिला ओंडका मी गच्चीवर उन्हात ठेवला. लाकूड वाळवायचं म्हणजे ऊन द्यायचं, एवढंच माझं ज्ञान. पंधरा दिवसांनी दुपारी खालच्या मजल्यावर आवाज ऐकू आला. सौ. म्हणाली, वर कुणीतरी काहीतरी आपटलं. वर जाऊन पाहतो तर ओंडक्याला सालीपासून गाभ्यापर्यंत तडा गेलेला, माझा पंजा आत जाईल एवढा.

याचं कारण मी नंतर वाचून काढलं. आमच्या डिप्लोमात लोखंड शिकवलं, आणि लोखंडाला सगळ्या दिशा सारख्या. लाकडाला तसं नाही. वाळताना ते उंचीत जवळपास आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडं आकसतं, आणि परिघाच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. म्हणजे बाहेरच्या वर्तुळाला आखूड व्हायचं असतं, पण आतला घेर त्याला तेवढं आखूड होऊ देत नाही. ताण वाढत जातो आणि शेवटी लाकूड फाटतं. त्यात ओलावा कापलेल्या तोंडातून झपाट्याने जातो, आडव्या बाजूने हळू. उन्हात तर बाहेरचा थर वाळून आवळला जातो आणि आत अजून पाणीच. आखूड जाड ओंडका अख्खा वाळवायचा म्हटलं, तर तो फुटणार हे जवळजवळ ठरलेलंच.

मग ओळखीतून एका खरादीकाकांकडे गेलो. ते मूळचे संखेड्याचे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी संखेड्याचा झोपाळा नाहीतर पाळणा असेल. सागवानी, लाखेच्या रंगाचा, तपकिरी-लालवर सोनेरी नक्षी. लाकूड लेथवर फिरत असताना लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात, घर्षणाने लाख वितळून चढते. गुजरातीत या यंत्राला संघाडो म्हणतात. आपल्या मराठीतही या धंद्याला शब्द होता, कातारी. वाड्यांचे कातीव खांब आपण कौतुकाने सांगतो, पण ते ज्याने कातले त्याचं नाव आपल्या बोलण्यातून गेलं. माझ्या मुलाला कातारी म्हणजे काय विचारलं, तर तो म्हणाला, "कात्री विकणारा?" सयाजीराव महाराजांनी 1890 साली याच शहरात कलाभवन काढलं, हाताने काम करणाऱ्यांना शास्त्र मिळावं म्हणून. मी उलट्या दाराने शिरत होतो. शास्त्राचा कागद माझ्याकडे होता, हात नव्हता.

काकांनी ओंडका पाहिला, वास घेतला, आणि म्हणाले, "सुकववायची वाट बघू नका. ओलाच कातायचा, जाड ठेवायचा, मग वाळवायचा, मग पुन्हा कातायचा." दोनदा कातायचं, ही युक्ती मला कुठल्याच वर्गात कुणी सांगितली नव्हती.

दुसरा ओंडका त्यांच्या लेथवर चढवला. एका टोकाला लोखंडी फेसप्लेट स्क्रूने बसवायची, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा सुळका दाबायचा. काका म्हणाले, तीन इंची आठ स्क्रू मारा. मी दीड इंची सहा मारले. माझं गणित होतं की एवढे पुरतात. गणित बरोबर होतं, पण लोखंडासाठी. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडात स्क्रू रेशांना समांतर शिरतो, तिथे त्याची पकड कमी पडते. ओंडका मिनिटाला 250 फेऱ्यांवर फिरत होता, हादरत होता, काम संथ चाललं होतं. काका चहा आणायला गेले आणि मी पट्टा पुढच्या पुलीवर टाकला. पाचशे फेऱ्या.

आता हिशेब सांगतो, कारण तो मला त्या रात्री झोप न लागल्यावर सुचला. सोळा इंची ओंडक्याच्या कडेचा वेग 250 फेऱ्यांना ताशी 19 किलोमीटर असतो, 500 ला 38. पण ओंडका कधी गोल नसतो. समजा एका बाजूला, मध्यापासून आठ इंचांवर, अर्धा किलो लाकूड जास्त आहे. 250 फेऱ्यांना ते सात किलोचा ओढा देतं. 500 ला चौदा नव्हे, अठ्ठावीस. वेग दुप्पट केला की ओढा चौपट होतो, आणि त्याची दिशा फेरीगणिक फिरत राहते.

स्क्रू उपटले गेले. ओंडका लेथवरून उसळला, समोरच्या लोखंडी पिंपावर आदळला आणि पिंपाला परातीएवढा पोचा पाडून कोपऱ्यात जाऊन पडला. मला काही झालं नाही. त्याचं श्रेय माझं नाही. पहिल्याच दिवशी काकांनी सांगितलं होतं, बटण दाबताना लाकडाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. मी वेग वाढवून बटण दाबलं तेव्हा सवयीने बाजूला होतो. काका धावत आले. ओरडतील असं वाटलं. त्यांनी आधी लेथ बंद केला, मग माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, आ लाकडुं छे, लोढुं नथी." ओंडका मधोमध उभा चिरलेला होता.

घरी मी स्क्रूंचं सांगितलंच नाही. फक्त "तो पण फुटला" एवढंच म्हणालो. आई म्हणाली, "जाऊ दे रे, मला काय, मी उभी राहते." ते ऐकल्यावर तिसऱ्याला हात लावायला मला महिना लागला. मधल्या काळात काकांनीच त्याच्या दोन्ही तोंडांना मेण थापून तो सावलीत ठेवायला सांगितलं होतं, म्हणून तो टिकला.

तिसऱ्या वेळी मी फक्त सांगितलं तेवढं केलं. आठ स्क्रू, तीन इंची. आधी कुऱ्हाडीने साल आणि उंचवटे काढून ओंडका शक्य तेवढा गोल केला. 250 फेऱ्या, वर नाही. कडुनिंबाचे रेशे एकमेकांत अडकलेले असतात, एका थरात एकीकडे झुकलेले, पुढच्या थरात उलटे. बोथट पटाशी लागली की ते उपटून येतात आणि पृष्ठभाग कुत्र्याने कुरतडल्यासारखा दिसतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी गोल पटाशीला धार. आणि ढलप्या तोंडावर उडतात, त्या कडू! मास्क लावून काम केलं, तरी जेवताना वरण कडू लागायचं.

गोल झाल्यावर काकांनी लांब गिरमिटाने गाभ्यातून दोन इंची आरपार भोक पाडलं, फक्त स्क्रूंच्या बाजूचे अडीच इंच सोडून. गाभा हाच तड्याचा उगम. तो काढला की लाकडाला आकसायला आत जागा मिळते. एवढं करून ओंडका काट्यावर ठेवला, 39 किलो. मग तोंडांना पुन्हा मेण लावून तो त्याच्याच ढलप्यांसह गोणपाटात गुंडाळला आणि जिन्याखाली ठेवला.

पुढची गोष्ट म्हणजे वाट बघणं, आणि सरकारी माणसाला ती सवय असते. दर रविवारी रद्दीवाल्याचा काटा मागून वजन करायचो. रद्दीवाला म्हणायचा, "साहेब, विकायचंय का?" सुरुवातीला आठवड्याला पाव-अर्धा किलो उतरायचं, मग छटाक-अदपाव. सव्वा वर्षानंतर 28 वर येऊन थांबलं. सलग पाच रविवार 28. म्हणजे अकरा किलो पाणी, जवळजवळ एक घागर, गुपचूप जिन्याखालून निघून गेलं. ओंडका आता गोल उरला नव्हता. एका बाजूने मोजला तर दुसऱ्या बाजूपेक्षा अर्धा इंच कमी. दोनदा का कातायचं ते तेव्हा डोळ्यांना दिसलं.

शेवटच्या कातकामाला दोन शनिवार गेले. वर साडेबारा इंच, कमरेत नऊ, बुडाशी तेरा. बूड आसनापेक्षा रुंद हवं, हे सगळ्यात महत्त्वाचं. कडेवर कितीही भार दिला, तरी तो बुडाच्या आतच पडतो, मग स्टूल कलंडत नाही. उंची सतरा इंच. आईच्या गुडघ्यामागची उंची शिवणाच्या टेपने मोजली होती, साडेसोळा. अर्धा इंच जास्त ठेवला, कारण उंचावरून उठायला गुडघ्याला कमी श्रम पडतात. स्क्रूंचा तुकडा करवतीने कापून टाकला. एक चीर पडली होती ती बहुतेक त्याच तुकड्यात गेली, पण अर्धा इंच आत आलेली आहेच. उलटं केलंत तर दिसेल. बूड किंचित खोलगट केलं, म्हणजे ते कडेवर टेकतं आणि डुगडुगत नाही. खाली सायकलच्या ट्यूबचे तीन तुकडे चिकटवले. वरच्या भोकाला जुन्या घराच्या चौकटीतल्या सागवानाचं बूच बसवलं. पॉलिश म्हणजे जवसाचं तेल, तीन हात. घरी कुणी करणार असेल, तर तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हे स्टूल कसलं, हे तर उखळ!" मग हाताने ढकलून पाहिलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ढकललं. मग बसली, कडेवर भार देऊन उठली, पुन्हा बसली. असं चार-पाचदा केलं, लहान मुलासारखं. मी काही बोललो नाही, तीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी देवघराचं दार तासभर लोटलेलं होतं.

पिंपाचे पैसे मी काकांना देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. पोचा तसाच आहे, आणि नवीन कुणी शिकायला आला की ते त्याला आधी तो दाखवतात, माझ्या हुद्द्यासकट.

कुणाला बसून बघायचं असेल, तर कार्यक्रमानंतर जरूर बघा. उचलणार असाल, तर गुडघे वाकवून उचला. पण साडेपाचपर्यंतच. परत न्यायला दोघे जण लागतील, आणि सहाला आईची दिवेलागण असते.