आधी दिवस मोजा, मग वाटा
(पेठ येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



अभ्यासाच्या नियोजनावर बोलण्यास मला सांगण्यात आले आहे. प्रथम माझीच चूक सांगतो. दहावीत असताना मी पहाटे ४ पासून रात्री ११ पर्यंतचे वेळापत्रक तीन रंगांच्या पेनांनी आखले. ते भिंतीवर महिनाभर होते; मी मात्र तीनच दिवस पाळले. चौथ्या दिवशी घरी पाहुणे आले, पाचव्या दिवशी शेतावर जावे लागले. 'आता बिघडलेच' म्हणून मी ते सोडून दिले. 'नंतर करू' म्हणून ठेवलेली भूमिती राहिली ती राहिलीच, आणि गुणपत्रिकेत दिसली. जे तास माझ्याकडे नव्हतेच, ते मी वाटून बसलो होतो.

म्हणून मित्रांनो, आधी मोजा. २०२६ ची दहावीची परीक्षा २० फेब्रुवारीला ठेवण्यात आली होती. १ नोव्हेंबरपासून धरले तर त्याआधी १११ दिवस मिळतात. त्यातून पूर्वपरीक्षा, लग्नकार्य, आजारपण, कांद्याची लागवड यांचे ३१ दिवस वजा करा. उरले ८०. त्यातले १० दिवस मुद्दाम कोरे ठेवा. मागे पडलेले काम भरून काढायला ते उपयोगी पडतील. राहिले ७०. शाळा सांभाळून रोज ३ तास धरले तर झाले २१० तास. आता वाटणी करा : गणित ५०, विज्ञान ४५, इंग्रजी ४५, सामाजिक शास्त्रे ३०, मराठी २० आणि हिंदी २०. ज्याचा जो विषय कच्चा असेल त्याने त्याचे तास वाढवावेत. पण बेरीज २१० च्या पुढे जाऊ देऊ नये.

गणिताचे ५० तास सलग दहा-बारा दिवसांत उरकू नका. कांद्याला महिन्याचे पाणी एका रात्रीत सोडले तर वाफा फुटतो आणि पीकही वाळते. पाणी पाळीपाळीनेच द्यावे लागते. अभ्यासाचेही तसेच आहे. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हणून त्याला जेवढा लाभ झाला, जवळजवळ तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्याने झाला. आज वाचलेला धडा उद्या पुस्तक मिटून आठवा, आठवड्याने पुन्हा आठवा, महिन्याने पुन्हा. या प्रत्येक पाळीला दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

आता आपल्या घरांतला प्रश्न. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी तितका अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये आपल्याकडे २ मार्चला रमजान सुरू झाला आणि दहावीचे गणित व विज्ञानाचे पेपर त्याच दिवसांत आले. २०२६ मध्ये तर परीक्षा आणि रमजान यांचा आरंभ एकाच आठवड्यात झाला. यापुढची काही वर्षे तो उजळणीच्या दिवसांत येईल. रोजासंबंधी काय करावे हे सांगणे माझे काम नाही. ते घरातील वडीलधाऱ्यांनी आणि जाणकारांनी सांगावे. मी फक्त घड्याळाविषयी बोलतो. सहरी आणि फजरनंतर मन ताजे असते. ते दीड-दोन तास गणिताला द्या. दुपारी थोडी झोप घ्या. असरनंतर वाचन, लेखन असे हलके काम ठेवा. तरावीहनंतर जागत बसू नका, कारण सहरीला पुन्हा उठायचे आहे. नवा धडा रमजानपूर्वीच संपवा. या महिन्यात केवळ उजळणी ठेवा. दिवस मोजताना हा महिना रोज २ तासांचाच धरा.

पालकांना, विशेषतः अम्मी-अब्बांना, एक विनंती. मुलगा पुस्तक घेऊन बसला की आपण म्हणतो, "त्याला उठवू नका." आणि त्याच वर्गातल्या त्याच्या बहिणीला हाक मारतो, "ये गं, इफ्तारची भजी तळ." दोघांचा पेपर एकच, तारीख एकच, पण तास वेगळे! वर्गात नीट उत्तरे देणारी मुलगी फेब्रुवारीत मागे पडते, तेव्हा मी तिच्या वहीपेक्षा तिच्या संध्याकाळची चौकशी करतो. घरकाम वाईट नाही. ते दोघांत वाटा. मुलीचेही ३ तास ठरवा आणि पाहुणे आले तरी ते मोडू नका. तसेच, मुलाला शेतावर किंवा दुकानावर कोणत्या दिवशी लागणार आहे ते आठवडाभर आधी सांगा. ऐन वेळी उठवल्याने त्या दिवसाबरोबर पुढच्या दिवसांचा हिशेबही मोडतो.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर वेळापत्रक करू नका. वहीच्या एका पानावर आपले खरे दिवस लिहा. त्याखाली तास लिहा आणि ते पान अम्मी-अब्बांना दाखवा. वाटणी उद्या करू. एखादा दिवस बुडाला तर पान फाडू नका. कोरे दिवस त्यासाठीच ठेवले आहेत.