खाणीआधी पायपीट



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल परिषदेचे आभार मानून मी थेट विषयाला हात घालतो. परिषद चंद्रपुरात भरते आहे. या जिल्ह्यात वरोऱ्याला कोळशाची खाण एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. आज माजरी, भद्रावती, दुर्गापूर, बल्लारपूर, पलीकडे वणी, तिकडे उमरेड, जिकडे जावे तिकडे ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचे, डोंगर उभे आहेत. कोळसा काढू नका असे सांगायला मी उभा नाही. जमीन उकरण्यापूर्वी तिच्यात काय आहे ते कुणी पाहिले का, एवढेच मला विचारायचे आहे.

नियम काय सांगतो ते पाहू. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेतल्या अर्जात प्रकल्पापासून १५ किलोमीटरच्या आत सांस्कृतिक मूल्यामुळे कायद्याने संरक्षित झालेली क्षेत्रे आहेत का, हा प्रश्न आहे. कायद्याने संरक्षित! म्हणजे यादी उघडायची, नाव नसेल तर ‘नाही’ लिहायचे आणि पुढच्या रकान्याकडे वळायचे. १९५८ च्या स्मारक कायद्याला २०१० साली दुरुस्तीची जोड मिळाली. त्यानुसार १०० मीटरपर्यंत बांधकाम आणि खाणकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. चांगली तरतूद आहे, पण तीही यादीतल्या स्मारकांपुरतीच. साऱ्या देशात केंद्राच्या संरक्षणाखाली चार हजारसुद्धा स्मारके नाहीत. विदर्भातली शिळावर्तुळे एका-एका माळावर शेकड्याने सापडतात. त्यांपैकी किती या यादीत बसणार?

शिळावर्तुळ म्हणजे प्राचीन दफनाची जागा. ज्यांनी ते पाहिले नाही, त्यांच्यासाठी सांगतो. गावाबाहेरच्या पडीक बरडावर मोठाले दगड गोल मांडलेले असतात. आत मुरूम-गोट्यांचा बुटका उंचवटा, त्यावर पळसाची दोन झुडपे. जाणारा-येणारा ढुंकून पाहत नाही. गुडघे टेकून दगडाजवळ गेले, तर काही दगडांवर वाटीएवढे खळगे ओळीने कोरलेले दिसतात. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या वर्तुळांवरचे असे खळगे ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले. पुढे पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथे उत्खनने केली. काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, माणसाशेजारी पुरलेला घोडा आणि त्याचा तांब्याचा साज हाती आला. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी मिळाली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात पेंच नदीकाठी लोखंड गाळले जात होते, हे आपल्याला कळले ते कुणीतरी शेतात उतरून पाहिले म्हणून. नैकुंडची भट्टी जमिनीवरून दिसत नव्हती. जिथे माणसे राहिली, ती वस्ती वर्तुळाहूनही नजरेआड असते. खूण म्हणून तेवढे चार खापरांचे तुकडे आणि लोहमळीचे खडे.

खुल्या खाणीत पहिला घाव पडतो तो नेमका याच थरावर. सुपीक माती आधी खरवडून बाजूला रचतात, मग ओबी, मग कोळसा. माणसाचा सगळा इतिहास वरच्या काही मीटरांत आणि कोळसा कितीतरी खाली. डोझर एका पाळीत जे पुसतो ते पुन्हा मांडता येत नाही. पण याच क्रमात आपली संधीही आहे. खाण एका दिवसात खणली जात नाही. ती पट्ट्यापट्ट्याने वर्षानुवर्षे पुढे सरकते. तिच्यापुढे एक पट्टा राहून काम करणे अगदी शक्य आहे.

हे झालेलेही आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या ब्लॅक मेसा पठारावर, नवाहो आणि होपी लोकांच्या भूमीवर, पीबॉडी कंपनीच्या खाणीपुढे १९६७ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे पुरातत्त्वज्ञांची पथके काम करत होती. पैसा कंपनीचा. दोन हजारांहून अधिक स्थळांची नोंद झाली. १९६६ चा तिथला वारसा कायदा यादीत नसलेल्या, पण यादीत येण्याच्या योग्यतेच्या स्थळांचाही विचार करायला लावतो. १९७७ चा खाण कायदा राष्ट्रीय नोंदवहीतल्या स्थळांना बाधा आणणाऱ्या खाणकामाला सहजासहजी वाट देत नाही. मात्र ब्लॅक मेसाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिथल्या वस्तू आणि मृतांचे अवशेष दूर इलिनॉय राज्यातल्या एका विद्यापीठात गेले. ज्यांचे पूर्वज, त्यांना आधी विचारण्याची रीत कायद्यात नीट उतरायला १९९० उजाडले. आपण ती चूक पदरात घेण्याचे कारण नाही.

इथल्या गोंड पाड्यावरचे पेनठाणे म्हणजे देवस्थान, पांदीच्या टोकाची माता माय, वंशजांनी उभारलेल्या स्मृतिशिळा कुठल्या यादीत आहेत? गावाचे पुनर्वसन होते तेव्हा नव्या वसाहतीत सिमेंटचे देऊळ बांधून मिळते आणि अहवालात विषय संपतो. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने डोंगराच्या देवाचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. तिथे बॉक्साइट होते, इथे कोळसा आहे. देवाचा प्रश्न तोच आहे. जनसुनावणीत एखादी म्हातारी बाई आपल्या मातेबद्दल बोलते, तेव्हा ती सांस्कृतिक सर्वेक्षणाची पहिली नोंद देत असते. ती तशीच, तिच्या शब्दांत, अहवालात उतरली पाहिजे.

दुपारच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. कोळसा ब्लॉकचा आराखडा पक्का होण्यापूर्वी, पावसाळ्यानंतर गवत वाळल्यावर, प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन संपूर्ण क्षेत्र ओळीने पायी तुडवावे. संशयाच्या जागी चाचणी खड्डे घ्यावेत. खर्च प्रकल्पाचा, पण पथकाची नेमणूक कंपनीने करू नये. अहवाल जनसुनावणीपूर्वी मराठीत गावाच्या हाती पडावा आणि सापडलेल्या वस्तू याच जिल्ह्यात राहाव्यात. ठरावाचा मसुदा प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. वाचा, दुरुस्त्या सुचवा. विद्यापीठांतल्या विभागप्रमुखांना माझी वेगळी विनंती आहे. येत्या हिवाळ्यात आपले विद्यार्थी एका तरी प्रस्तावित ब्लॉकवर पाठवा. परवानगी ज्यांच्याकडून घ्यायची, त्यांच्याशी बोलायला मी स्वतः येईन.