परदेशातील शुश्रूषा आणि आपले कर्तव्य
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



चिटणीसांनी आम्हांस शिक्षणाविषयी बोलण्याची आज्ञा केली. पदवी हाती पडल्यावर जे दुसरे शिक्षण सुरू होते, त्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. आपल्या ज्ञातीच्या काही मुली परिचारिका होऊन इंग्लंडच्या रुग्णालयांत रुजू झाल्या आहेत. त्यांपैकी काही आमच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांच्याकडून जे कळते, ते पालकांच्या कानी घालावे एवढाच हेतू.

इंग्लंडची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तीत परिचारिका म्हणून काम करण्यास तेथील परिषदेची नोंदणी लागते. प्रथम इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरील परीक्षा आणि तेथे पोहोचल्यावर दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा. आपल्या मुली अभ्यासात मागे नाहीत. त्या हे सर्व पार पाडतात. खरी कसोटी त्यानंतर वॉर्डात लागते.

आपल्याकडे रुग्णाच्या उशाशी घरचे माणूस बसलेले असते. भरविणे, अंग पुसणे, भांडे देणे ही कामे ते करते, नाहीतर वॉर्डातील मावशी करतात. तेथे नातलग भेटीपुरते येतात. ही कामे परिचारिका व तिचे मदतनीस मिळून करतात. हे घरी कळताच कोणी म्हणते, “हेच करावयाचे होते तर एवढे शिकविले कशाला?” हा प्रश्न आम्ही चांगल्या सुशिक्षित घरांत ऐकला आहे आणि त्याचा आम्हांस खेद वाटतो. अंग पुसताना पाठ, माकडहाड, टाचा डोळ्यांखालून जातात. शय्याव्रणाची पहिली लाली तेव्हाच दिसते. कुशीवर वळविताना रुग्णास धाप लागते की काय, तेही तेव्हाच उमगते. म्हणजे हे काम विद्येच्या खालचे नव्हे, ती विद्याच आहे. मलमूत्राच्या कामास आणि ते करणाऱ्या माणसास हलके लेखण्याची आपली जुनी खोड मुलींनी तिकडे टाकली. आपण ती येथे का जपावी?

दुसरी गोष्ट बोलण्याची. तेथे श्वास, प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सहा गोष्टींना गुण देण्याचा एक तक्ता आहे. २०१७ साली त्यात सुधारणा झाली. बेरीज सातवर गेली की तातडीने डॉक्टरांस बोलवावयाचे, मग मध्यरात्र का असेना. औषधाच्या मात्रेविषयी शंका आली तर मोठ्या डॉक्टरांसही विचारावयाचे. वडीलधाऱ्यांपुढे गप्प राहणे हा आपल्याकडे विनय; तेथे तेच मौन रुग्णाच्या जिवावर बेतेल. ही सवय मोडण्यास मुलींना महिने लागतात.

भाषेचेही तसेच. एखादी आजीबाई ‘स्पेंड अ पेनी’ म्हणते, तेव्हा तिला पैसे नको असतात, लघवीस जावयाचे असते. पूर्वी तेथील सार्वजनिक शौचकूपाच्या कुलपात पेनीचे नाणे टाकावे लागे, त्यावरून हा शब्दप्रयोग रूढ झाला. परीक्षेच्या पुस्तकांतून हे कसे कळावे?

आता आपले कर्तव्य. नोकरी मिळवून देतो म्हणून कोणी दलाल मुलीकडे पैसे मागेल, तर देऊ नका. ब्रिटिश सरकारच्या भरतीविषयक आचारसंहितेनुसार उमेदवाराकडून असे शुल्क घेण्यास मनाई आहे. त्यापायी शेत गहाण पडले, तर मुलगी कर्जाचे ओझे घेऊन वॉर्डात उभी राहते. पहिल्या वर्षी घरबांधणीचा हिशेब तिच्या पगारावर मांडू नका. तिची पाळी बहुधा बारा तासांची असते आणि डिसेंबरात लंडनचा सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो. अंधारात जाऊन अंधारात परतणाऱ्या मुलीस फोनवर पैशांआधी “जेवलीस का?” असे विचारावे.

ज्यांच्या मुली दूरदेशी परक्यांच्या आईबापांची सेवा करीत आहेत, त्यांनी ते चारचौघांत ताठ मानेने सांगावे, इतकीच आमची विनंती आहे.