बारावीनंतरची वाट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘विद्यापीठातले अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्यांसाठीच्या सवलती’ हा विषय दिला आहे. माझी सगळी नोकरी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात, शिष्यवृत्तीच्या टेबलावर झाली. त्यामुळं भाषण कमी करतो, माहिती जास्त देतो. शेवटी आपण जमवलेल्या वर्गणीबद्दल एक विनंती करणार आहे.

धरणासाठी आपली गावं उठली आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपानं घरं पाडली. धरणग्रस्ताचा दाखला, भूकंपग्रस्ताचा दाखला म्हणजे काय, हे कोयनानगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कागद वेळेवर हातात असेल तरच हक्क पदरात पडतो, हे आपल्या आईवडिलांनी पाहिलंय. शिक्षणाचंही तसंच आहे.

१९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या मुलांना जवळचं विद्यापीठ मिळालं. त्यासाठी झटणारे बाळासाहेब देसाई आपल्याच पाटण तालुक्यातले. गरिबांच्या मुलांना फीमाफी देणाऱ्या ई.बी.सी. सवलतीशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. या सभागृहात ई.बी.सी.चा फॉर्म भरून शिकलेले किती जण आहेत, ते हात वर न करताही मला ठाऊक आहे.

आज आपल्या शाळेतल्या मुलापुढं वाटा बऱ्याच आहेत. घरून ये-जा करायची तर पाटणचं बाळासाहेब देसाई कॉलेज आहे. कराडला विज्ञान महाविद्यालय आहे आणि १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. साताऱ्यात रयतच्या तीन महाविद्यालयांचं मिळून २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलं की तिथलं कॉलेज मुंबई विद्यापीठाचं. घरची जबाबदारी असेल, नोकरी करावी लागत असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे आणि शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्रही आहे. नव्या धोरणात आणखी एक सोय झाली आहे. पदवीचं एक वर्ष ठरलेल्या श्रेयांकांसह पूर्ण करून थांबावं लागलं तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनी पदविका मिळते आणि पुन्हा येऊन पुढचं शिकता येतं.

आता पैशाचं. ई.बी.सी.च्या जागी आज राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर फीचा भार हलका होतो. २०२४-२५ पासून याच मर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून घेतलेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत गेली. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजना आहे. शिवाजी विद्यापीठात ‘कमवा व शिका’ आहे, म्हणजे काम करून शिकायची सोय. भाऊराव अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथली मुलं हाच धडा गिरवत शिकली.

मग मूल गळतं कुठं? माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली मुलं आठवली, की तीन जागा दिसतात.

पहिली जागा कागदाची. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी. ही पडताळणी अकरावीतच सुरू करायला हवी. निकाल लागल्यावर धावपळ केली तर प्रवेशाची तारीख थांबत नाही. दुसरी जागा बँकेची. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण आधारशी जोडलेलं खातं भलतंच असतं नाहीतर बंद पडलेलं असतं. पोराला वाटतं, आपला फॉर्मच बाद झाला. तिसरी जागा सगळ्यात अवघड. फी माफ असली तरी जेवण, खोली, पुस्तकं माफ नसतात, आणि शासनाचा पैसा उशिरा येतो. जुलैत प्रवेश, पैसा पुढं कधीतरी. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, त्यानंतर सवलतीच्या पासालाही पैसे मोजावे लागतात. हे चार-सहा महिने ज्या घराला निघत नाहीत, त्या घरातलं पोरगं दिवाळीच्या सुट्टीत घरी येतं ते परत जात नाही. पुण्या-मुंबईला कुठंतरी कामाला लागतं. पोरगी असेल तर तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

म्हणून माझी विनंती. यंदाच्या वर्गणीतून शाळेला कमान बांधून द्यावी, असा विचार चाललाय. तो प्रेमापोटीच आहे, मला कुणाचं मन मोडायचं नाही. पण ही रक्कम शाळेच्या नावानं बँकेत ठेवू. आपल्या शाळेतून गेलेल्या, कॉलेजात प्रवेश घेतलेल्या गरजू मुलांना पहिल्या सहा महिन्यांसाठी त्यातून बिनव्याजी उसने देऊ. शिष्यवृत्ती आली की त्यांनी परत करायचे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्याला मिळतील. एखाद्याला नाही जमलं तर तगादा लावायचा नाही. कुणाला द्यायचे हे मुख्याध्यापकांनी आणि वर्गशिक्षकांनी ठरवावं. कुणाच्या घरची परिस्थिती काय आहे, ते त्यांना आपल्यापेक्षा नक्की माहीत असतं.

आणि ज्यांना पैसे देणं शक्य नाही, त्यांनी वेळ द्यावा. जूनच्या शेवटी दोघा-तिघांनी दोन दिवस शाळेत बसावं, मुलांचे फॉर्म भरून घ्यावेत, दाखले तपासावेत. पहिल्या वर्षी मी बसतो. पाटणला तहसील कार्यालयात जाणारे, बँकेत नोकरी केलेले आपल्यात आहेत, त्यांनी सोबत यावं.

आपले सर फी न भरलेल्या पोराला वर्गाबाहेर काढत नव्हते. पुढचं पुढं बघू, आधी बस म्हणायचे. त्या एका वाक्यावर आपल्यातले बरेच जण मॅट्रिक झाले. आज तेच वाक्य आपल्याला कॉलेजातल्या मुलांना म्हणता येईल. जेवणानंतरच्या बैठकीत यावर निर्णय व्हावा, एवढंच मागतो.