दिल्या शब्दाची तारीख

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन आणि तितकंच तुमच्या आईवडिलांचंही. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेले पहिलेच असे कितीतरी जण या सभागृहात असतील. त्यांच्या घरी शिक्षण इतक्या उशिरा का पोचलं? त्या उशिराच्या अनेक कारणांपैकी एक आहे देशाने दिलेला आणि वेळेवर न पाळलेला शब्द. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्य झटेल, असं तिच्या अनुच्छेद ४५ मध्ये लिहिलं होतं. मार्गदर्शक तत्त्वांपैकी मुदत घातलेलं हे एकच तत्त्व. मागणी तर जुनीच होती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली, गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात तसा कायदाच केला.

१९६० साल आलं आणि मुदत उलटली. शाळा वाढल्या होत्या, वाड्यावस्त्यांवर पायपीट करणारे शिक्षकही होते, पण असंख्य मुलं शाळेबाहेरच राहिली. त्याचा जाब विचारायला न्यायालयात जाण्याची सोय नव्हती, कारण ही मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत, असं घटनेतच नमूद होतं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात शिक्षणाचा हक्क मान्य केला, २००२ मध्ये त्यासाठी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण हक्क कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. १९६० मध्ये सहा वर्षांची असलेली मुलगी तोवर छप्पन्न वर्षांची झाली होती. तिने आयुष्यभर कागदावर अंगठा उमटवला असेल, तर त्याचं उत्तर आपण तिला द्यायला हवं.

मोडलेला शब्द एका पिढीचं नुकसान करून थांबत नाही. लोक हळूहळू मागणंच सोडून देतात. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ हे आपण किती सहज म्हणून जातो! नागरिकाने अपेक्षाच सोडली की लोकशाही आतून पोकळ होते, मग निवडणुका कितीही वेळेवर होवोत.

लोकांचा विश्वास परत कसा मिळवायचा? त्याचा एक धडा महाराष्ट्राने देशाला दिला आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमी योजना उभी राहिली. त्यामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा विचार होता. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ‘मागेल त्याला काम’ ही नुसती घोषणा राहिली नाही. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं आणि ते जमलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असं कायद्यातच ठरलं. खर्चासाठी नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. मुदत, पैसा आणि चुकल्यास भरपाई, तिन्ही गोष्टी वचनाबरोबरच बांधलेल्या होत्या. २००५ मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हाच अनुभव पाठीशी होता.

रोजगार हमी योजनेतही खोटी हजेरीपत्रकं भरली गेली, मजुरी महिनोन्‌महिने थकली, हे मी झाकून ठेवणार नाही. पण तिथे मजुराच्या हातात भांडायला कायदा होता. म्हणूनच मजुरांच्या संघटना काम मागताना तारीख घातलेल्या पोचपावतीसाठी अडून बसत आल्या. पंधरा दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. पावतीच दिली नाही, तर विधिमंडळाने केलेला कायदा कचेरीतल्या टेबलावरच संपतो.

मित्रहो, उद्या त्या टेबलामागे तुमच्यापैकीच कुणी बसलेलं असेल. कुणी तलाठी होईल, कुणी अभियंता, कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी विधानसभेतही. समोरच्या माणसासाठी देश म्हणजे त्या क्षणी तुम्हीच असाल. जे होणार नसेल ते स्पष्ट सांगा. जे होणार असेल त्याची तारीख द्या. तारीख चुकली तर कारण लेखी कळवा आणि नुकसान भरून द्या. नवं आश्वासन देण्याआधी जुनं कुठवर आलं, याचा हिशेब मांडा.

आणि टेबलाच्या अलीकडे असाल, तर मागणं सोडू नका. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत कदाचित व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापलेले दिसतील. ज्या मजुराला तुम्ही कधी भेटणार नाही, त्याला दिलेल्या शब्दासाठी हा कर सुरू झाला, हे लक्षात असू द्या. त्या पैशाचं काय झालं, हे विचारणं तुमचा हक्क आहे. आज तुमच्याकडे लिहिता-वाचता येण्याचं बळ आहे. ज्यांना ते वेळेवर मिळालं नाही, त्यांचे अर्ज लिहून द्या, त्यांच्याबरोबर कचेरीत जा आणि पावती घेतल्याशिवाय परतू नका.

देशाने दिलेला शब्द शेवटी कुणाच्या तरी सहीने पुरा होतो किंवा मोडतो. तुमच्या सहीने तो पुरा होवो, हीच माझी सदिच्छा.

जय हिंद.