कार्बोरेटरचे अर्थशास्त्र : जुनी मोटार आणि इंधनबचतीचे धडे

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



इंधनबचत म्हटली की नवे तंत्रज्ञान आणि मोठी भांडवली गुंतवणूक डोळ्यांसमोर येते. परंतु भारतात अनेक दशके मोटारींची इंधनबचत एका लहानशा पितळी जेटवर आणि एक-दोन स्क्रूंवर अवलंबून होती. ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींचा कार्बोरेटर हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या जवळ पोहोचला. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशात वाया जाणाऱ्या प्रत्येक लिटरला राष्ट्रीय महत्त्व आले. १९७८ मध्ये पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनची स्थापना झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

मिश्रणाचे गणित

कार्बोरेटरचे काम हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण इंजिनाला पुरवणे. अरुंद नळीतून हवा वेगाने जाते तेव्हा तेथील दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढले जाते. १ किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. अधिकाधिक शक्ती हवी असल्यास हे प्रमाण १३ च्या खाली न्यावे लागते, तर उत्तम काटकसर १६ च्या आसपास साधते. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण ‘रिच’ झाले आणि कमी झाले की ‘लीन’ झाले, असे गॅरेजच्या भाषेत म्हणतात. रिच मिश्रणातील इंधनाचा काही भाग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेट्रोल जितके कमी सोडावे तितकी बचत जास्त, असे नाही. मिश्रण फार लीन झाले की इंजिन अडखळते, तापते, चालक ॲक्सिलरेटर अधिक दाबतो आणि अपेक्षित बचत हातची जाते. फार काळ असे चालल्यास व्हॉल्व्हही जळू शकतात. काटकसर किमान वापरात नसून इष्टतम वापरात असते, हे अर्थशास्त्राचे तत्त्व येथे प्रत्यक्ष दिसते.

दुसरे असे की, बाहेरून फिरवता येणारा मिश्रणाचा स्क्रू मुख्यतः इंजिन जागेवर सुरू असतानाचे मिश्रण ठरवतो. वाहन वेगात असताना कारभार मुख्य जेटकडे असतो. सॉलेक्स बनावटीच्या जेटवरील १२० हा आकडा १.२० मिलिमीटर व्यासाचे छिद्र दर्शवतो. जेट साफ करण्यासाठी त्यात वारंवार तार घातल्याने हे छिद्र १.२५ मिलिमीटर झाले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते आणि तेवढे अधिक पेट्रोल जाऊ लागते. म्हणून जाणता मिस्त्री जेट हवेच्या दाबाने साफ करतो. स्क्रूला हात लावण्यापूर्वी तो एअर फिल्टर, प्लग, पॉइंट, इग्निशनचे टायमिंग, फ्लोटची पातळी आणि चोक पूर्ण उघडतो की नाही, हे पाहतो.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

समजा, एक टॅक्सी रोज १०० किलोमीटर धावते आणि लिटरला १० किलोमीटर ॲव्हरेज देते. नीट ट्यूनिंगने ते ११ झाले, तर रोज सुमारे ०.९ लिटर आणि ३०० दिवसांत सुमारे २७३ लिटर पेट्रोल वाचेल. ॲव्हरेज १० टक्क्यांनी वाढले तरी इंधन मात्र ९.१ टक्क्यांनीच कमी लागते, हा फरक परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावा.

इतका लाभ दिसत असूनही अनेक टॅक्सी बिघडलेल्या कार्बोरेटरवर का धावत राहिल्या? टॅक्सी भाड्याने चालवली जाते तेव्हा पेट्रोल बहुधा चालक भरतो आणि दुरुस्ती मालकाकडे असते. मालकाने खर्च केला तर लाभ चालकाला मिळतो. चालकाने करावा तर गाडी त्याची नाही. प्रोत्साहनांची ही फाटाफूट झाली की फायद्याची गुंतवणूकही रखडते आणि तिची किंमत चालकाची रोजची कमाई मोजते. शिवाय धुराची हानी पादचाऱ्याला सोसावी लागते. तिचा हिशेब चालक आणि मालक यांपैकी कोणाच्याच वहीत नसतो. यालाच बाह्य परिणाम म्हणतात.

म्हणूनच प्रमाणके आवश्यक ठरली. भारत स्टेज-दोनपूर्व पेट्रोल मोटारींसाठी पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के ठेवण्यात आली. मात्र ही चाचणी इंजिन जागेवर सुरू ठेवून होते. त्यामुळे स्क्रू फिरवून प्रमाणपत्र मिळवता येते आणि रुंदावलेला मुख्य जेट तसाच राहतो. मोजमाप अपुरे असेल तर नियमाचे पालन होऊनही उद्दिष्ट साधत नाही.

नवे इंधन, जुना जेट

२००० नंतर कठोर होत गेलेल्या उत्सर्जन मानकांमुळे नव्या मोटारींत कार्बोरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने घेतली. २०१४ मध्ये ॲम्बॅसिडरचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. परंतु जतन केलेल्या जुन्या मोटारींपुढे आता इथेनॉल मिश्रणाचा प्रश्न उभा आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने २० टक्के मिश्रणाच्या इंधनाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट हवा पुरते. इंजेक्शनच्या मोटारीत सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. जुना जेट मात्र पूर्वीइतकेच सोडत राहतो आणि मिश्रण लीन होते. अशा मोटारींना किंचित मोठा जेट आणि इथेनॉलला टिकणारे रबरी भाग लागतात. म्हणजे कालचा काटकसरीचा जेट आज तोट्याचा ठरू शकतो.

तात्पर्य, कार्यक्षमता ही यंत्रात एकदाच बसवून मिळणारी वस्तू नव्हे. योग्य माहिती, कुशल कारागीर, खर्च करणाऱ्याला लाभ मिळण्याची व्यवस्था आणि प्रामाणिक मोजमाप या चार गोष्टी एकत्र आल्या तरच ती टिकते. खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक भाग आयात करणाऱ्या देशाने नव्या वाहनांबरोबरच रस्त्यावर असलेल्या वाहनांच्या देखभालीलाही ऊर्जाधोरणात स्थान दिले पाहिजे.