औषधाच्या दोन मुदती

औषधाच्या संबंधात ‘मुदत संपली’ हे शब्द दोन भिन्न अर्थांनी योजिले जातात. एक मुदत कायद्याची, दुसरी खुद्द औषधाच्या गुणाची. पहिली संपते तेव्हा रोग्याचा लाभ होतो. दुसरी संपते तेव्हा रोग्याने सावध व्हावयाचे असते. या दोहोंची गल्लत झाली, म्हणजे मनुष्य स्वस्त औषधाला हिणकस मानतो आणि कपाटातील जुनी गोळी मात्र निःशंकपणे गिळतो.

पहिली मुदत पेटंटची, म्हणजेच एकस्वाची. नवे औषध शोधणाऱ्यास ते तयार करण्याचा व विकण्याचा एकाधिकार मिळतो, परंतु तो कायमचा नव्हे. भारतात तो अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालतो. १९७० च्या कायद्याने औषधी द्रव्यावर एकस्व न देता केवळ ते बनविण्याच्या कृतीवर दिले होते. २००५ पासून द्रव्यावरही ते मिळू लागले. मात्र जुन्याच द्रव्याला नवे रूप देऊन मुदत लांबवू पाहणाऱ्यास, गुण वाढल्याचे दाखविल्यावाचून, कायदा दाद देत नाही.

बेडाक्विलीनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर ते दिले जाते. त्याच्या क्षाररूपावरील नव्या एकस्वाचा अर्ज मार्च २०२३ मध्ये भारतीय एकस्व कार्यालयाने फेटाळला. हरकत घेणाऱ्या दोन स्त्रिया, एक मुंबईची व दुसरी दक्षिण आफ्रिकेची, स्वतः क्षयातून उठलेल्या होत्या. जुन्या औषधांनी दोघींची श्रवणशक्ती हिरावली होती. मूळ एकस्व त्याच वर्षी जुलैत संपले आणि इतर कारखान्यांना वाट मोकळी झाली. एकस्व संपले म्हणून औषधाचा गुण तिळभरही उणावत नाही.

दुसरी मुदत वेष्टनावर छापलेली असते. औषध उष्णतेत व दमट हवेत ठेवून, त्याचा गुण किती काळ टिकतो हे पाहून ती ठरविली जाते. केवळ महिना व वर्ष छापले असेल, तर त्या महिन्याचा अखेरचा दिवस धरावा. ही मुदत सांगितल्याप्रमाणे जपून ठेवलेल्या, न उघडलेल्या औषधाची असते. डोळ्यांत घालण्याच्या थेंबांची बाटली एकदा उघडली, की बहुधा चार आठवड्यांतच टाकून द्यावी लागते. हृदयशूळावर जिभेखाली ठेवावयाची गोळी निष्प्रभ झालेली असेल, तर ऐन वेळी ती दगा देते. बिघडलेल्या टेट्रासायक्लीनने मूत्रपिंडास इजा झाल्याची नोंद १९६३ मध्ये झाली होती.

म्हणून गोळ्यांची पट्टी कापताना तारखेचा तुकडा शेवटपर्यंत राखावा. सुट्या गोळ्या घेतल्यास पावतीवर तारीख पाहावी. आणि स्वस्त औषध हाती आले, तर किमतीवरून शंका घेण्याऐवजी वेष्टनावरील द्रव्याचे नाव, मात्रा व तारीख वाचावी. पहिली मुदत न्यायालये व कार्यालये सांभाळतात. दुसरी सांभाळणे घरातल्या माणसांच्याच हाती असते.